दोन तिरक्या रेघा

त्या रविवारी सकाळी मी आमच्या इमारतीच्या लॉबीत टेबल मांडत होतो. प्लास्टिकचं पांढरं टेबल, एक पाय आखूड, त्याखाली घडी घातलेला पुठ्ठा. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायची, कारण पाठीमागून कुणी कागदात डोकावलेलं तांबेबाईंना खपत नसे. दहा वाजत आले होते. घरकाम करणाऱ्या सातआठ बायका जिन्याच्या पायऱ्यांवर बसल्या होत्या, मांडीवर प्लास्टिकच्या पिशव्या, पिशव्यांत कागद. बाई चार दिवस हॉस्पिटलमध्ये होत्या, पण आदल्या संध्याकाळी त्यांनीच फोन करून मला बजावलं होतं, की टेबल चुकवायचं नाही, मी नसले तर तुम्ही लिहा, अक्षर वाईट असलं तरी चालेल. तेवढ्यात फोन वाजला. पुण्याहून आलेली त्यांची मुलगी मेधा हॉस्पिटलमधून बोलत होती. “काका, आई गेली...” एवढंच. मी फोन खिशात ठेवला आणि उगाचच टेबल पुन्हा पुसलं. पायऱ्यांवरच्या बायकांना काही सांगावं लागलं नाही. त्या उठून उभ्या राहिल्या, पण घरी कुणी गेलं नाही. मग मला दुसरं काही सुचेना, म्हणून मी बाईंच्या खुर्चीत बसलो, त्यांचं निळं पेन उघडलं आणि पहिला कागद पुढे ओढला. माझी रेघ वाकडीतिकडी आली.

सुजाता तांबे. ट्रंक टेलिफोनच्या निवृत्त ऑपरेटर, नेरुळच्या आमच्या सोसायटीत चौथ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या, वय त्र्याहत्तर. तुम्ही त्यांचं नाव ऐकलं नसेल, आणि हे त्यांना फार आवडलं असतं. त्यांचं काम एका ओळीत सांगता येतं. लोकांची माहिती लोकांचीच राहावी म्हणून त्या भांडायच्या. आधार कार्डाची झेरॉक्स कुठेही द्यायची असली, की त्या आधी तिच्यावर दोन तिरक्या रेघा ओढायच्या आणि मधल्या जागेत लिहायच्या, ‘फक्त गॅस कनेक्शनसाठी’, ‘फक्त शाळेच्या दाखल्यासाठी’, खाली तारीख आणि सही. म्हणजे तो कागद उद्या दुसऱ्याच कुणाच्या हातात पडला, तरी त्यावर सिमकार्ड निघायला नको. दर रविवारी दहा ते बारा त्या टेबलाशी बसून हे काम चालायचं, मोलकरणी, ड्रायव्हर, वॉचमन, जो येईल त्याचं. हा लेख लिहिण्याआधी मी मेधाला विचारलं, पुढे जिची गोष्ट येते त्या मंगलला विचारलं. त्यांनी जेवढं लिहा म्हटलं तेवढंच इथे आहे. आणि मंगलचं नाव मंगल नाही.

दुपारपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. तो ग्रुप बाईंनी केव्हाच सोडला होता, पण श्रद्धांजली वाहायला माणूस ग्रुपवर असावंच लागतं असं नाही. मग कुणीतरी म्हणालं, फोटो टाका. फोटो कुणाकडेच नव्हता. बाईंनी कुठेही फोटो टाकलेला नव्हता, दिवाळीच्या ग्रुप फोटोतसुद्धा त्या बरोबर खांबामागे असायच्या. तेव्हा नव्या कमिटीतल्या एका उत्साही गृहस्थांनी काय करावं? लॉबीतल्या कॅमेऱ्याच्या रेकॉर्डिंगमधून एक चौकट काढली आणि तीच टाकली. वरून घेतलेलं चित्र, बाईंच्या डोक्यावरचे विरळ पांढरे केस, हातात भाजीची पिशवी, कोपऱ्यात तारीख आणि वेळ, खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. जन्मभर ज्या गोष्टीशी ही बाई भांडली, तिचाच हार करून आम्ही तिच्या गळ्यात घातला. मी त्या गृहस्थांना फोन केला आणि आयुष्यात कधी वापरले नव्हते असे दोन शब्द वापरले. फोटो ग्रुपवरून निघाला. मला अजून त्या शब्दांबद्दल वाईट वाटत नाही.

खरं तर मला असं बोलण्याचा काही अधिकार नव्हता. बारा वर्षं सोसायटीचा सेक्रेटरी मीच होतो. रबाळ्याच्या कारखान्यात मी स्टोअर सांभाळत निवृत्त झालो. नटबोल्टसुद्धा नोंद केल्याशिवाय बाहेर जाऊ द्यायचा नाही, ही माझी सवय. ती घेऊनच मी सेक्रेटरी झालो आणि पहिल्याच महिन्यात गेटवर जाडजूड रजिस्टर ठेवलं. येणाऱ्याचं नाव, मोबाइल नंबर, कुणाकडे, कशासाठी, किती वाजता आला, किती वाजता गेला. मला ते रजिस्टर फार देखणं वाटायचं. आठवडाभरात तांबेबाई ते काखेत मारून माझ्या दारात. तोवर आमची जिन्यात हसण्यापुरती ओळख. म्हणाल्या, हे गेटवर उघडं पडलेलं असतं, दूधवाला चाळतो, कुरियरवाला चाळतो. बी विंगमधल्या मुलीकडे कोण मुलगा येतो, किती वाजता जातो, हे अख्ख्या सेक्टरला कळलंय. तुम्ही काय मिळवलंत? मी माझं ठेवणीतलं वाक्य काढलं. म्हटलं, कर नाही त्याला डर कशाला?

बाईंनी रजिस्टर टेबलावर ठेवलं आणि शांतपणे विचारलं, मी रबाळ्याला कधीपासून होतो. मी वर्ष सांगितलं. मग त्यांनी विचारलं, गावाकडे फोन कसा लावायचात? मी म्हटलं, तेव्हा काय, ट्रंक कॉल बुक करायचा, ठाण्याच्या एक्सचेंजमधून.

“त्या एक्सचेंजला मी सतरा वर्षं लाइनवर होते, मोहिते. तुमचे साताऱ्याचे कॉल मी जोडले असतील. काय काय बोललात ते सांगू? वहिनी आत आहेत, त्यांनाही बोलवा.”

मी उठून आतलं दार लोटून घेतलं. कारण त्या काळात मी एक कॉल केला होता... तीन मिनिटांचा, अर्जंट. तो कुणाला होता आणि मी काय बोललो, हे माझ्या बायकोलाही ठाऊक नाही आणि इथेही मी लिहिणार नाही. बाई माझ्या तोंडाकडे पाहत राहिल्या आणि मग हसल्या. म्हणाल्या, ऐकलेलं नाही हो, आम्ही ऐकत नसू. पण डर लागला ना? आणि तुम्ही तर काही गुन्हा केलेला नाही. चहा न घेता त्या उठल्या. दुसऱ्या दिवसापासून रजिस्टर वॉचमनच्या ड्रॉवरमध्ये गेलं. माझा मात्र राग गेला नाही, तो बरीच वर्षं टिकला. खरं बोलून गेलेल्या माणसावर आपण जास्त दिवस रागावून राहतो.

एक्सचेंजच्या गोष्टी त्यांनी पुढे मला पुष्कळ सांगितल्या, पण एकाही फोनवरचा एकही शब्द कधी सांगितला नाही. काम असं होतं, की कॉल जोडायचा, दोन्हीकडचा आवाज आला याची खात्री करायची, ‘बोला’ म्हणायचं आणि कळ बंद करून आपण बाहेर पडायचं. कळ उघडी ठेवली तर सगळं ऐकू येई, आणि ती उघडी ठेवणाऱ्याही होत्या. मरणाच्या बातम्या, जमलेली लग्नं, मोडलेली लग्नं, सगळं बोटाच्या अंतरावर. बाई म्हणायच्या, बोट आवरणं हीच आमची नोकरी होती, बाकी प्लग काय कुणीही लावेल. एकदा एका साहेबाने त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, की संपाच्या दिवसांत अमुक एका युनियनवाल्याचे कॉल येतील, ते जरा ऐकायचे आणि संध्याकाळी सांगायचं. बाईंनी विचारलं, हे लिहून द्याल का? साहेबाने लिहून दिलं नाही. त्यानंतर वर्षभर त्यांना रोज सगळ्यात वाईट पाळी मिळाली, मेधा तेव्हा अंगावर पिणारी. “लिहून द्याल का” हा त्यांचा आयुष्यभराचा मंत्र झाला. समोरच्याने एखादी माहिती मागितली की त्या हेच विचारत, आणि दहातले नऊ जण तिथेच माघार घेत.

हे सगळं त्यांच्या डोक्यात आलं कुठून, असं मी एकदा विचारलं होतं. तोवर आमचं बरं चाललं होतं, गॅलरीत बसून त्या कोकणातल्या कुळथाच्या पिठल्याबद्दल बोलत होत्या. त्यांचं गाव मंडणगडच्या बाजूचं, बौद्धवाडीत घर. म्हणाल्या, आमच्याबद्दल गावाला सगळं माहीत असायचं, मोहिते. कुठे राहतो, कुठलं पाणी भरतो, बाप काय काम करतो. आडनाव विचारलं की पुढचं काही विचारावं लागत नसे. ठाण्याला आले, कानाला हेडफोन लावला, आणि पलीकडच्याला फक्त माझा आवाज ऐकू येत होता. तो मला ताई म्हणाला. त्याला माझं आडनाव माहीत नव्हतं, आणि ते विचारायचा त्याला हक्कही नव्हता. त्या दिवशी मला कळलं, माहिती म्हणजे काय ते. पुढे नेरुळला फ्लॅट बघताना तीन एजंटांनी आडनाव ऐकून फ्लॅट गेला म्हणून सांगितलं, हेही त्यांनी सांगितलं, आणि वर म्हणाल्या, आता मशीनला सगळं आडनावासकट पाहिजे आणि तुम्ही म्हणता सोय आहे. मी मोहिते. मला आडनाव विचारून कुणी कधी फ्लॅट नाकारला नव्हता.

मशीन म्हणजे आमच्या गेटवर बसवलेलं चेहरा ओळखणारं यंत्र. कोविडनंतर सगळ्या सोसायट्यांत ती टूम निघाली. कामाला येणाऱ्या प्रत्येकीने त्यासमोर उभं राहायचं, हिरवा दिवा लागला की आत. सोबत एक ॲप, त्यात मालकिणीला घरबसल्या कळणार की बाई किती वाजता आली. हे यंत्र मीच आणलं. जनरल मीटिंगमध्ये कंपनीचा टाय लावलेला मुलगा आला, पडद्यावर चित्रं दाखवली, सगळ्यांनी हात वर केले, तांबेबाई सोडून. त्यांनी तीनच प्रश्न विचारले. हे चेहरे ठेवणार कुठे, बघणार कोण आणि पुसणार कधी? मुलगा म्हणाला, मॅडम, सगळं सर्व्हरवर एकदम सेफ असतं. बाई म्हणाल्या, त्या सर्व्हरचा पत्ता द्या, मी पत्र घालते. सगळे हसले, मी सगळ्यात मोठ्याने हसलो. मग त्या माझ्याकडे वळल्या. म्हणाल्या, सेक्रेटरीसाहेब, मशीनसमोर आपणही उभं राहणार ना, की फक्त भांडी घासणाऱ्यांनीच? आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, अशी मशीन आहे का ही? ठराव एका विरुद्ध सगळे असा मंजूर झाला.

मशीनला पहिला नकार आला तो दिवाळे गावच्या कोळीण हिराबाईकडून. वीस वर्षं ती आमच्याकडे मासळी घेऊन येत होती. तिने टोपली खाली ठेवली, यंत्राकडे नीट पाहिलं आणि वॉचमनला म्हणाली, “मी मावरं इकतंय, माजं तोंड नाय इकत.” आणि टोपली उचलून ती गेटाबाहेरच बसली. तेव्हापासून मासळी घ्यायला आम्हीच गेटाबाहेर जाऊ लागलो. पण हिराबाईची टोपली तिची स्वतःची होती. घरकाम करणाऱ्यांना तेवढी मोकळीक नव्हती. त्यांनी निमूट चेहरे दिले, आधारच्या कॉप्या दिल्या, पत्ते दिले.

आता माझ्या चुकीबद्दल. लोकांना वाटतं अशा चुका चुकून होतात, बोट भलत्याच ठिकाणी पडतं वगैरे. माझं बोट जागच्या जागी होतं. मी चार दिवस खपून कॉम्प्युटरवर सगळ्या कामवाल्यांची यादी केली. नाव, वय, मोबाइल, आधार नंबर, राहण्याचा पत्ता, कुणाकुणाच्या घरी काम. रकाने रंगवले. आणि ‘सर्वांच्या माहितीसाठी’ असं वर लिहून सोसायटीच्या ग्रुपवर टाकली. दोनशेच्या वर माणसं त्या ग्रुपवर. अंगठे आले, वाहवा आली, कुणी लिहिलं, सेक्रेटरी असावा तर असा. मी बायकोला वाचून दाखवलं.

त्या यादीत मंगल होती. मंगल परभणीकडची. नवरा हात उचलायचा, म्हणून पोरीला घेऊन निघून आली होती आणि पावणे गावात कारखान्यांच्या मागे एका खोलीत राहत होती. यादीतल्या तिच्या ओळीत खोली नंबरापासून शेजारच्या वर्कशॉपच्या खुणेपर्यंत सगळं होतं. मी मुद्दाम खुणा मागून घेतल्या होत्या, पत्ता पक्का असावा म्हणून. यादी एकाकडून दुसऱ्याकडे गेली. सी विंगमधल्या कुणीतरी आपल्या ड्रायव्हरला पाठवली, त्याने आणखी कुणाला, आणि ती नवऱ्यापर्यंत पोचायला नऊ दिवस लागले. तो सकाळी आला, पोरगी शाळेत जायला निघत असताना. मंगलचं मनगट मोडलं. वर्कशॉपमधले कामगार धावले म्हणून तेवढ्यावर निभावलं.

तांबेबाई माझ्या घरी आल्या त्या दिवशी मी त्यांच्या ओरडण्याची वाट पाहत होतो. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या बसल्या, पाणी प्यायल्या.

“मंगलने तिचा पत्ता तीन माणसांना दिला होता. बहिणीला, शाळेला आणि तुम्हाला. बहिणीने कुणाला सांगितला नाही. शाळेने सांगितला नाही.”

मी म्हटलं, बाई, मी आजच राजीनामा देतो. त्यावर मात्र त्यांचा आवाज चढला. राजीनामा देऊन मोकळे होणार? आधी पुसा, म्हणाल्या. ग्रुपवरून यादी काढायची वेळ केव्हाच टळली होती, ती प्रत्येकाच्या फोनमध्ये जाऊन बसली होती. म्हणजे पुसायची कशी? “दारं किती आहेत आपल्याकडे?” त्यांनी विचारलं. मला वाटलं होतं चेष्टा करताहेत.

तीन आठवडे आम्ही दारोदार फिरलो. संध्याकाळी सहा ते आठ. बाईंच्या हातात वही, मी बेल वाजवायची. दार उघडलं की मी म्हणायचं, ‘मी जी यादी टाकली ती माझी चूक होती, तुमच्या फोनमधून ती माझ्यासमोर काढून टाका.’ हे वाक्य बाईंनी मला पाठ करून दिलं होतं. ‘चूक झाली’ म्हणायचं नाही, ‘मी केली’ म्हणायचं. पहिल्या दिवशी मी अर्ध्या वाक्यावरच अडलो. दहाव्या दिवशी मी ते न अडखळता म्हणायला लागलो. बहुतेकांनी काढली. काहींनी चहा दिला, काहींना यादी फोनमध्ये आहे हेच माहीत नव्हतं, काहींनी पुढे कुणाला पाठवली ते सांगितलं आणि आम्ही त्यांच्याकडूनही फोन करवले. फोन बघताना बाई नजर भिंतीकडे ठेवत, दुसरं काही दिसू नये म्हणून. सातव्या मजल्यावरच्या एका निवृत्त अधिकाऱ्याने दारातच अडवलं. माझा फोन आहे, त्यात काय ठेवायचं ते मी बघेन, म्हणाले. बाईंनी वही मिटली. “फोन तुमचा आहे साहेब. पत्ता तिचा आहे.” साहेबांनी दार लावलं. आम्ही दुसऱ्या दिवशी गेलो, तिसऱ्या दिवशी गेलो. सहाव्या दिवशी त्यांच्या पत्नीने फोन बाहेर आणून दिला आणि त्या आत गेल्या.

पोलिसांत जायचं की नाही हे बाईंनी मंगलवर सोपवलं. आमच्यातले शहाणे सल्ले द्यायला लागले तेव्हा म्हणाल्या, तिचं सगळं तुम्हीच ठरवलंत, एवढं तरी तिला ठरवू द्या. मंगल गेली, तक्रार दिली. चौकीत आधारची कॉपी मागितली, तेव्हा प्लास्टरमधल्या हाताने तिला पेन धरता येईना, म्हणून बाईंनी रेघा ओढल्या आणि लिहिलं, ‘फक्त या तक्रारीसाठी’. नंतर मंगलने खोली बदलली. आता ती कुठे राहते हे मला माहीत नाही. अजून ती आमच्या घरी काम करते, रोज भेटते, माझ्या बायकोच्या हातचं धिरडं तिला आवडतं. ती जिथे राहते तिथे पाऊस जास्त पडतो की कमी, हेही मी विचारत नाही.

मशीन त्यानंतर बंद झालं, वर गोणपाट घातलं गेलं. पण चेहरे तर कंपनीकडे गेलेलेच होते. ते पुसल्याचं लेखी द्या, म्हणून बाई दर सोमवारी कंपनीला रजिस्टर्ड पत्र पाठवत. पोचपावत्यांचा गठ्ठा वाढत गेला, उत्तर आलं नाही. मी म्हटलं, बाई, ते तुमची पत्रं उघडतसुद्धा नसतील. त्या म्हणाल्या, मग तरी ते दर आठवड्याला एक गोष्ट न उघडण्याचा अभ्यास करताहेत. लॉबीतलं टेबलही तेव्हाच सुरू झालं. पहिल्या रविवारी एकटी मंगल आली, मग तिने इतरांना आणलं. मी टेबल मांडायचं काम मागून घेतलं. राजीनामा नंतर रीतसर दिला, तरी शेवटपर्यंत त्या मला सेक्रेटरीसाहेबच म्हणत. सुरुवातीला ते मला टोचायचं... पुढे पुढे त्या तसं म्हणाल्या नाहीत तर चुकल्यासारखं वाटे.

त्या गेल्या आणि पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होऊन आठवडाही झाला नव्हता, तेवढ्यात नव्या कमिटीने मशीनवरचं गोणपाट काढलं. नोटीस लागली, सोमवारपासून चेहरा सक्तीचा. कुणी उघड म्हणालं नाही, पण अर्थ स्वच्छ होता. आता बाई नाहीत. मी विरोधाचं पत्र लिहायला बसलो आणि चार वेळा फाडलं. सोमवारी सकाळी सात वाजता खाली गेलो, तर गेटाबाहेर आमच्या सगळ्या कामवाल्या बसलेल्या. घोषणा नाहीत, काही नाही, कुणी लसूण सोलत होती. हिराबाई टोपलीसकट मधोमध. चेअरमन खाली आले, समजुतीच्या सुरात म्हणाले, अगं, दोन सेकंदांचं तर काम आहे. मंगल उठली. मी तिला सहा वर्षं ओळखतो, तिने कधी कुणाशी मान वर करून बोललेलं मी पाहिलं नव्हतं.

“साहेब, आमी कामाला आलोय. नाव सांगतो, वहीत सही करतो. चेहरा देनार नाही. पाहिजे कशाला ते लिहून द्याल का?”

चेअरमननी माझ्याकडे पाहिलं, जणू हे मी शिकवलं होतं. मी जाऊन मंगलशेजारी फरशीवर बसलो. गुडघे दुखतात, पण बसलो. आठ वाजता पहिला फोन आला, मग सगळ्या मजल्यांवरून यायला लागले. डबे राहिले होते, भांडी पडली होती, कुणाची आजारी सासू अंघोळीवाचून बसली होती. तिच्याकडे जाणारी बाई मात्र उठली आणि वॉचमनला नाव सांगून थेट आत गेली, मशीनकडे न बघता. तिला कुणी अडवलं नाही. तिच्यामागून दुसरी गेली, मग सगळ्या गेल्या. अकरा वाजता गोणपाट परत चढलं. पुढच्या मीटिंगला प्रस्ताव पुन्हा येणार आहे, मला ठाऊक आहे. या वेळी विरोधात वर जाणारा हात एकच नसेल, हेही मी आत्ताच सांगून ठेवतो. आणि कंपनीला सोमवारची पत्रं चालू आहेत, आता सही माझी असते.

राहता राहिलं पाकीट. मेधाने पुण्याला परत जाताना ते माझ्या हातात दिलं. कपाटात, साड्यांच्या खाली होतं, वर बाईंच्या अक्षरात ‘सेक्रेटरीसाहेबांना द्यावे’. आत त्यांच्याच आधार कार्डाच्या चार झेरॉक्स. प्रत्येकीवर दोन तिरक्या रेघा, पट्टीने ओढाव्यात तशा. ‘फक्त पेन्शन बंद करण्यासाठी’. ‘फक्त गॅस परत करण्यासाठी’. ‘फक्त बँकेसाठी’. आणि सगळ्यांत वर ठेवलेली, ‘फक्त मृत्यूच्या दाखल्यासाठी’. खाली सही. हे त्यांनी कधी बसून केलं असेल, कुठल्या दुपारी... मला ते पाकीट चार दिवस उघडून ठेवता आलं नाही आणि बंदही करता आलं नाही.

परवा दाखल्याच्या कचेरीत गेलो. खिडकीतल्या मुलाने अर्ज पाहिला, हॉस्पिटलचा कागद पाहिला, आणि झेरॉक्स बाजूला सारली. काका, यावर पेनाने लिहिलंय, क्लीन कॉपी आणा, समोर दुकान आहे. मी म्हटलं, हीच घ्या. तो समजुतीने म्हणाला, आजी गेल्या ना आता, त्यांना काय फरक पडतो? माझ्यामागे रांग होती, कुणीतरी घड्याळ पाहून चुकचुकलं. मला राग आला नाही, याचं मलाच नवल वाटलं. मी म्हटलं, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. दुसरी कॉपी मी आणणार नाही. नको असेल तर तसं लिहून द्या, मी इथेच बसतो. आणि बाजूच्या बाकावर बसलो.

मुलाने कागद पुन्हा पुढे ओढला. रेघांच्या मधलं वाचलं. सही पाहिली, मग अर्जावरचं नाव पाहिलं, मग पुन्हा सही. मग खिडकीतून हात बाहेर काढून त्याने मला बोलावलं आणि झेरॉक्स माझ्याकडे फिरवली.

“काका, तारीख राहिलीये.”

मी खिशातून त्यांचं निळं पेन काढलं आणि तारीख घातली.